आईच्या वह्या फोनमध्ये आणताना: ॲप कोणतं, आणि त्याआधी काय ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. आईच्या तीन वह्या, सासूबाईंची एक डायरी, वर्तमानपत्रांची कात्रणं, व्हॉट्सॲपवर आलेल्या पाककृती आणि फोनमध्ये चारेकशे स्क्रीनशॉट. हे सगळं एका जागी आणायचंय, मराठीतच ठेवायचंय आणि बंगळुरूला असलेल्या मुलीलाही उघडता आलं पाहिजे. त्यासाठी कोणतं ॲप घ्यावं, पैसे भरून घ्यावं का, आणि सगळं झालं की मूळ वह्यांचं काय करावं?

मी नागपुरात धरमपेठेत एकवीस वर्षांपासून घरगुती ऑर्डरी घेते. डोहाळजेवणं, मुंजीचा फराळ, महालक्ष्म्यांची पानं. माझ्याकडे सहाशेच्या वर पाककृती लिहिलेल्या आहेत आणि हा संग्रह मी आजवर तीनदा एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी हलवलाय. पहिल्यांदा हलवावा लागला तो नाइलाजाने. तेव्हा मी जे पाककृतींचं ॲप वापरायची ते बंद होणार असल्याची मेल आली होती. ती जाहिरातींच्या मेलांमध्ये पडून राहिली आणि माझ्या वाचनात आली तेव्हा मुदत संपत आली होती. पाककृतींचा मजकूर कसाबसा बाहेर काढला. फोटो गेले, आणि प्रत्येक पाककृतीखाली मी लिहिलेले शेरे गेले. ‘डाळ दोन तास आधीच भिजव’, ‘या गुळाचा पाक लवकर येतो’ असे सहा वर्षांचे शेरे होते ते. पाककृती पुन्हा कुठेतरी मिळते, शेरे मिळत नाहीत.

म्हणून कोणतंही ॲप पाहताना मी आधी बाहेर पडायची वाट शोधते. फक्त दहा पाककृती घाला, दोनेक फोटो जोडा, आणि लगेच सगळं बाहेर काढून दुसऱ्या फोनवर किंवा कॉम्प्युटरवर उघडून बघा. मराठी अक्षरं शाबूत आहेत का? फोटो आलेत का? शेरे आलेत का? तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तरच अकरावी पाककृती घाला. नियम कुठेही बदलू शकतात. नोंदी ठेवायच्या एव्हरनोट या ॲपने डिसेंबर २०२३ मध्ये मोफत वापरणाऱ्यांना पन्नास नोंदींची मर्यादा घातली, तेव्हा वर्षानुवर्षं तिथे लिहिणाऱ्यांना पैसे भरणं, नव्या नोंदी थांबवणं किंवा सगळं दुसरीकडे हलवणं असेच पर्याय उरले.

दुसरी कसोटी शोधण्याची. इथे मराठीची स्वतःची एक अडचण आहे, आणि इंग्रजी पाककृतींसाठी दिलेल्या सल्ल्यांत तिचा उल्लेखही नसतो. आपला शब्द वाक्यात गेला की रूप बदलतो. ‘मूग’ टाकून शोधलं तर ‘मुगाचे लाडू’ सापडत नाहीत, कारण ‘मू’चा ‘मु’ झाला. तूर आणि तुरीची, पीठ आणि पिठाचे, सगळीकडे हेच. ‘वांगे’ टाकलं तर ‘वांग्याची भाजी’ निसटते. नुसतं ‘वांग’ टाकलं तर दोन्ही येतात, पण त्यासाठी ॲपने अर्धा शब्द चालवून घ्यायला हवा. काही घेतात, काही पूर्ण शब्दच मागतात. ‘पुऱ्या’ या शब्दातला अर्धा र दोन वेगळ्या पद्धतींनी टाइप होतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, फोनच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. म्हणून मी पाककृतीचं नाव नेहमी एकवचनी लिहिते: पुरी, वडी, भाकर.

त्यात आपण विदर्भातले. आईच्या वहीत ‘सांबार’ लिहिलंय ते कोथिंबिरीसाठी. मुलगी शोधणार ‘कोथिंबीर’. आई लिहिणार आलू, फल्लीदाणे, मुंगण्याच्या शेंगा, आणि पिठल्याला ‘बेसन’. बंगळुरूत वाढलेली नात बटाटा, शेंगदाणे, शेवगा शोधेल. आईचे शब्द बदलू नका, ते तसेच राहू द्या. फक्त प्रत्येक पाककृतीत नावाखाली ‘इतर नावं’ अशी एक ओळ ठेवा आणि तिच्यात शोधणारा माणूस टाइप करू शकेल ते सगळं लिहा. माझ्या सांबारवडीच्या, म्हणजे कोथिंबिरीचं सारण पोळीत भरून तळलेल्या वडीच्या, कागदावर ती ओळ अशी आहे: सांबारवडी, सांभारवडी, पुडाची वडी, कोथिंबीर, भरून तळलेली. शेवटी तेच नाव इंग्रजी अक्षरांतही एकदा लिहिलंय, कारण माझा मुलगा मराठी बोलतो पण फोनवर मराठी टाइप करत नाही. ही एक ओळ लिहायला अर्धा मिनिट लागतो. माझ्या मते अख्ख्या कामातला सगळ्यात मोलाचा अर्धा मिनिट तोच.

आता ॲपचं. तुम्ही सांगितलेली परिस्थिती बघता, म्हणजे दोन-तीनशे पाककृती, बहुतेक मराठी, घरातली माणसं दोन शहरांत, फोन अँड्रॉइड, तर मी वेगळं ॲप विकत घेऊ नका असंच सांगेन. गूगल ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करा, त्यात प्रत्येक पाककृतीचं एक वेगळं डॉक्स, म्हणजे गूगलची मजकुराची फाइल. सगळ्या पाककृती एकाच लांबलचक फाइलीत घालू नका. शंभर पानांची फाइल फोनवर जड होते आणि ओल्या हाताने सरकवत बसावं लागतं. सोबत शीट्समध्ये, म्हणजे गूगलच्या रकान्यांच्या तक्त्यात, एक यादी ठेवा: नाव, इतर नावं, कुणाची, कशासाठी, आणि त्या डॉक्सची लिंक. फोनवर मी शोधते ते याच यादीत, कारण ती एक पान आहे आणि पटकन उघडते.

गूगल कीप हे झटपट नोंदींचं ॲपही ठेवा, पण परडीसारखं. पाहुण्यांच्या घरी कुणी काही सांगितलं, रेडिओवर काही ऐकलं, दुकानदाराने मसाल्याचं प्रमाण सांगितलं, की ते कीपमध्ये टाका. तिथे फोल्डर नसतात, नुसती लेबलं असतात. शंभर नोंदी झाल्या की दाटी होते. रविवारी परडी रिकामी करायची. जे करून बघायचंय ते डॉक्समध्ये जातं, बाकीचं पुसायचं. माझ्या अनुभवात दहातल्या सात नोंदी पुसल्याच जातात, आणि ते योग्यच आहे. स्क्रीनशॉटचंही तसंच करा. चारशे स्क्रीनशॉट उतरवत बसू नका. गेल्या वर्षभरात ज्याच्याकडे एकदाही परत गेला नाहीत तो संग्रहात येत नाही.

पॅप्रिका हे नाव तुम्ही ऐकलं असेल. ॲप चांगलं आहे. वेबसाइटवरची पाककृती उचलून साहित्य आणि कृती वेगवेगळं मांडून देतं, प्रमाण दुप्पट-तिप्पट करून देतं, सामानाची यादी काढून देतं. पण फोनचं आणि कॉम्प्युटरचं वेगवेगळं विकत घ्यावं लागतं. आणि ते आपोआप उचलणं चालतं कसं, हे समजून घ्या: इंग्रजी पाककृतींच्या बऱ्याच वेबसाइट पानाच्या आत ‘हे साहित्य, ही कृती’ अशी खूण करून ठेवतात आणि ॲप ती खूण वाचतं. जिथे खूण नाही, म्हणजे बरेच मराठी ब्लॉग, व्हॉट्सॲपचे मेसेज, यूट्यूबखाली लिहिलेलं साहित्य, तिथे हातानेच कॉपी करावं लागतं. प्रमाण वाढवण्याची सोयही आकड्यांवर चालते. ‘दीड वाटी’, ‘पाऊण चमचा’ हे आपले शब्द तिला आकडे म्हणून कळत नाहीत. तुमचा तीन चतुर्थांश संग्रह इंग्रजी बेकिंगचा असता तर मी पॅप्रिकाच सुचवलं असतं. आईच्या वह्यांसाठी नाही.

तुमच्या मुलीला कॉम्प्युटरची आवड असेल तर ऑब्सिडियन हे नोंदींचं ॲपही बघायला सांगा. त्यात प्रत्येक नोंद ही आपल्याच फोल्डरमधली साधी मजकुराची फाइल असते. ॲप उद्या गेलं तरी फाइली कुठल्याही नोटपॅडमध्ये उघडतात. फक्त दोन-तीन फोनांत एकसारखं ठेवण्याची व्यवस्था आपणच लावावी लागते, म्हणून घरातल्या सगळ्यांसाठी ते मी सुचवत नाही.

कामाला सुरुवात टाइप करण्यापासून करू नका, फोटोंपासून करा. वही खिडकीजवळ ठेवा, सकाळचा उजेड घ्या, फ्लॅश बंद, फोन पानाच्या बरोबर वर. ड्राइव्हच्या ॲपमध्येच स्कॅनची सोय आहे, ती कडा सरळ करून देते. कोरं पान, मुखपृष्ठ, मागे लिहिलेला दूधवाल्याचा हिशेब, सगळं घ्या. कात्रण चिकटवलेलं नसेल तर मागची बाजूही घ्या, कधी कधी उरलेली कृती तिथे असते. फाइलींना ‘आई-वही१-पान००७’ अशी नावं द्या. आधीची शून्यं महत्त्वाची, नाहीतर दहावं पान दुसऱ्याच्या आधी येऊन बसतं. तीन वह्या आणि डायरी मिळून एका शनिवार-रविवारचं काम आहे. ते झालं की निदान वाळवी, पाऊस, घर बदलणं यांची भीती गेली, मग टाइप करायला वर्ष लागलं तरी चालतं.

छापील कात्रणांचा मजकूर ओळखायला ड्राइव्हची मदत होते. कॉम्प्युटरवर फोटो चढवा आणि तो गूगल डॉक्समध्ये उघडा; खाली मजकूर येतो, छापील मराठी बऱ्यापैकी नीट येतं. हस्ताक्षर मात्र येत नाही म्हणूनच धरा. हल्ली लोक हस्ताक्षराचा फोटो एआयला देतात. देता येतो, पण एक धोका ओळखून ठेवा: जिथे अक्षर पुसट आहे तिथे ते अनेकदा जागा रिकामी सोडत नाही, शोभेल असा आकडा भरून देतं. वाक्य इतकं सफाईदार येतं की शंकाही येत नाही. प्रत्येक आकडा मूळ पानाशी ताडून बघणार असाल तरच ते वापरा. मला सगळ्यात सोपं पडतं ते बोलून लिहिणं. जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडायची, माइक दाबायचा आणि आईला वाचायला लावायचं. ती वाचताना थांबते, ‘हे असं नाही करत मी आता’ म्हणते, आणि ते वहीत नसलेलंही नोंदवता येतं.

जुनं काही कुणी कॉम्प्युटरवर टाइप करून दिलं असेल तर ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-कॉम्प्युटरांना सारखीच कळणाऱ्या अक्षरांत, आहे का बघा. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधला मजकूर फोनवर अगम्य चिन्हांसारखा दिसतो आणि शोधून कधीच सापडत नाही. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आता ज्या भागाला तुमचा सर्वाधिक वेळ जायला हवा, तो. माझ्या आईच्या वहीत सांबारवडीला चार ओळी आहेत. ‘सांबार दोन जुड्या. खसखस, तीळ, खोबरं मूठ मूठ. मसाला नेहमीप्रमाणे. पुडा घट्ट बांधणे.’ हे मी तसंच टाइप करून ठेवलं असतं तर माझ्या मुलाला त्याचा काही उपयोग नव्हता. म्हणून दोन वर्षांपूर्वी हिवाळ्यात आईला बसवलं आणि ओट्यावर वजनकाटा ठेवला. ‘काय मोजून राहिली तू?’ असं ती दोनदा म्हणाली, पण करत गेली. तिच्या मुठीतलं किसलेलं सुकं खोबरं मी वाटीत घेतलं: १८ ग्रॅम. पुन्हा: २१. पुन्हा: १९. मी लिहिलं, ‘आईची मूठ, खोबरं, साधारण २० ग्रॅम’. तिळाची मूठ तेवढ्याच हातात दुपटीहून जड भरली. ‘नेहमीप्रमाणे’ या शब्दाखाली तर दोन वेगळे मसाले निघाले: सारणात एक, आणि पोळीला आतून लावायच्या चिंच-गुळाच्या कोळात दुसरा. आणि वहीत कुठेच नसलेली गोष्ट अशी की सांबार धुतल्यावर ती दोन तास पंचावर पसरते. ओलं राहिलं तर सारणाला पाणी सुटतं, पुडा ओला होतो आणि तेलात उलगडतो. तिला हे लिहावंसं कधी वाटलंच नव्हतं, कारण तिच्या हिशेबी ते सगळ्यांनाच माहीत असतं.

तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदावर ‘कशाने बिघडतं’ असा एक भाग असतो. सांबारवडीत तो तीन ओळींचा आहे, गोळाभातात दोन, आणि अनारशात कृतीपेक्षा मोठा.

जुन्या मापांबद्दल जपून. शेर म्हणजे ८० तोळे, साधारण ९३३ ग्रॅम. त्याचा पावशेर २३३ ग्रॅमचा. १९५६ चा मेट्रिक मापांचा कायदा टप्प्याटप्प्याने लागू झाल्यानंतर बाजारात किलो आला, पण तोंडात पावशेर राहिला आणि तो २५० ग्रॅमचा झाला. म्हणून वही कोणत्या काळातली आहे ते आधी बघा. भाजीत या फरकाने काही बिघडत नाही, पाकात बिघडतं. माझ्या आजीच्या वहीत तर ‘दोन आण्याची खसखस’ असं आहे. त्याचं ग्रॅममध्ये रूपांतर होऊच शकत नाही. करून बघून, चव घेऊन ठरवावं लागतं. मूळ शब्द आणि तुम्ही ठरवलेलं वजन, दोन्ही शेजारी शेजारी लिहा. तिखटाचंही तसंच. ‘तिखट दोन चमचे’ याला अर्थ नाही. भिवापुरी मिरचीचं आहे की बाजारातलं फक्त रंग देणारं आहे, ते लिहिलं नाही तर तुमच्या मुलीचा पाटोडीचा रस्सा एक तर फिका होईल, नाहीतर खाता येणार नाही.

लेबलं कमी ठेवा, दहाच्या आत. ‘भाजी’, ‘गोड’ अशी लेबलं उपयोगी पडत नाहीत, ते नावातच कळतं. स्वयंपाकघरात उभं राहून आपण स्वतःला जे प्रश्न विचारतो ती लेबलं करा. माझी अशी आहेत: उपास, डबा, वीस मिनिटांत, उन्हाळी कामं, आजाऱ्यासाठी, सणाचं, ऑर्डरीचं. उन्हाळी कामांत सरगुंडे, कुरडया, पापड, शेवया येतात. एप्रिल लागला की ते लेबल उघडायचं.

आणि एक वेगळा फोल्डर बेतांचा ठेवा. हा सल्ला मला कुणी दिला नव्हता, उशिरा सुचला. महालक्ष्म्यांचं जेवण दर वर्षी असतं आणि दर वर्षी आपण ‘गेल्या वेळी पुरणाला किती डाळ घेतली होती?’ इथूनच सुरुवात करतो. आता मी त्याच रात्री लिहून ठेवते: पानं ४०, हरभऱ्याची डाळ तीन किलो, सात-आठ पोळ्यांचं पुरण उरलं, आंबील कमी पडली, सोळा भाज्यांतली भेंडी आदल्या दिवशी चिरू नये, चिकट होते. पाच वर्षांच्या नोंदी झाल्या की इतवारी बाजारात किराणा आणायला जाताना हातात नेमकी यादी असते.

मुलीला फोल्डर शेअर करताना सगळ्यांना बदल करायची परवानगी देऊ नका. तुम्ही आणि ती, दोघींना बदलता येऊ द्या. बाकीच्यांना फक्त बघता आणि शेरा लिहिता येऊ द्या. आमच्याकडे एकदा नणंदेने प्रेमाने साखर ‘सुधारली’ आणि मूळ प्रमाण शोधायला जुन्या आवृत्तीत जावं लागलं. मूळ पाककृती बदलायची नाही, खाली तारीख घालून शेरा लिहायचा, असा घरचा नियम करा. रोज लागणाऱ्या पंधरा-वीस पाककृती डॉक्समध्ये ‘ऑफलाइन उपलब्ध’ करून ठेवा, म्हणजे मे महिन्यात वीज आणि वायफाय दोन्ही गेलं तरी अडत नाही. करताना फोन हातात घ्यायचाच नसेल तर पाककृती मोठ्या अक्षरांत छापून काचेच्या कपाटाला आतून लावा. मी ऑर्डरीच्या दिवशी तसंच करते.

गूगलच्या एका खात्यात १५ जीबी मोफत असतात, त्यातच मेल आणि फोटोही मोजले जातात. म्हणून वह्यांचे फोटो पूर्ण आकारात एका पेनड्राइव्हवरही ठेवा. दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल काढून टाकू शकतं, तेव्हा आईच्या नावाने वेगळं खातं काढून विसरून जाऊ नका. खात्याच्या सेटिंगमध्ये ‘खातं बंद पडलं तर कुणाला द्यायचं’ हे ठरवायची सोय आहे, तिथे मुलीचं नाव घाला. आणि वर्षातून दोनदा, मी दिवाळी आणि अक्षय तृतीया धरते, सगळा फोल्डर डाउनलोड करून तिच्याकडे पाठवा.

आता वह्या. त्या रद्दीत देऊ नका आणि लॅमिनेटही करू नका. प्लास्टिकमध्ये बंद झालेलं पान परत मोकळं होत नाही. फाटलेल्या पानाला साधी चिकटपट्टी लावू नका, काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि तिचा गोंद शाईत उतरतो. सुती कापडात गुंडाळून, आडवी, वरच्या कप्प्यात ठेवा, बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, पावसाळ्यात तिथेच ओल येते. मुलगी घरी आली की सांबारवडीचं पान तिला मूळ वहीतूनच दाखवा. माझ्या आईच्या त्या पानावर तेलाचा डाग आहे, बरोबर ‘पुडा घट्ट बांधणे’ या ओळीवर.